गाडीचा दिवा लागला, म्हणून लगेच फिल्टर बदलायचा का?



आपल्या प्रभागात आता काही ग्रामसंघांकडे स्वतःची मालवाहू पिकअप आहे. शिलाई मशीनचा दोरा सारखा तुटायला लागला तर काय बघायचं, गिरणीचा पट्टा सुटला तर काय करायचं, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण गाडीचं बॉनेट उघडलं की आपण दोन पावलं मागं सरकतो, आणि मग गॅरेजवाला सांगेल तो आकडा खरा. म्हणून या पाठात एकाच बिघाडाबद्दल बोलू. धुराच्या फिल्टरचा दिवा लागतो, गाडी ओढत नाही, आणि बिल मात्र डोळे पांढरे करणारं येतं, तो बिघाड.

आमच्या ग्रामसंघावर ही वेळ ऐन टोमॅटोच्या हंगामात आली. गाडी रोज पहाटे नारायणगावच्या बाजारात क्रेट घेऊन जायची. एके दिवशी परत येताना मीटरमध्ये पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जीवच गेला. तिसऱ्या गिअरवर चढण चढेना. तालुक्यातल्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं स्कॅनर लावला, पडद्यावर ‘डीपीएफ’ असा शब्द वाचला आणि सांगितलं, “फिल्टर चोक झालाय. नवीन टाकावा लागेल. पंच्याऐंशी हजार धरून चला.” संध्याकाळी तातडीची सभा बसली. बँकेचा हप्ता आठ दिवसांवर, दुसऱ्याची गाडी भाड्यानं लावलेली, आणि दोघी-तिघींचं म्हणणं, “ताईला गाडी चालवता येत नाही, म्हणूनच खराब झाली.” आमची गाडीवरची ताई एका कोपऱ्यात गप्प बसून होती. मी खरेदी समितीत होते. खरं सांगायचं तर, ठरावाचा मजकूर मी लिहायला घेतला होता.

पंच्याऐंशी हजारांचा तो फिल्टर शेवटी बदलावा लागला नाही. काय झालं ते पुढे येईलच, आधी गाडीत हे काय प्रकरण आहे ते समजून घेऊ.

काजळी, राख आणि जाळी

१ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ नियमाच्या आहेत. डिझेलच्या धुरात काळी काजळी असते. ती हवेत जाऊ नये म्हणून आता बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत एक डबा बसवलेला असतो, तोच डीपीएफ. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. धूर त्या जाळीच्या भिंतींमधून झिरपून बाहेर पडतो आणि काजळी आत अडकते.

अडकलेली काजळी गाडी स्वतःच जाळते. मोठ्या रस्त्यावर गाडी एका वेगानं चालली की धूर तापतो आणि थोडी थोडी काजळी आपोआप जळत राहते. तेवढ्यानं भागलं नाही तर गाडीतला कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून डब्यातली उष्णता ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि साठलेली काजळी जाळून टाकतो. गॅरेजमध्ये याला ‘रिजनरेशन’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर चुलीच्या धुराड्यात काजळी साठली की एकदा चांगला जाळ करून ते मोकळं करायचं, तसंच. पण काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑइलमधल्या घटकांची राख डब्यात कायमची साठत जाते, आणि काही लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत एक दिवस डबा काढून साफ करावा लागतो किंवा बदलावा लागतो. म्हणजे फिल्टर बदलायची वेळ कधीच येत नाही असं नाही. आमची गाडी मात्र तेव्हा जेमतेम ४० हजार किलोमीटर चालली होती. तो आकडा ऐकूनच आम्हाला शंका यायला हवी होती.

दिवा कोण लावतं?

आता मुद्द्याचं. डब्यात किती काजळी साठली हे कॉम्प्युटरला कसं कळतं? आत डोकावून बघणारं कुणी नसतं.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे लगेच कळेल. ठिबकच्या फिल्टरवर दाबाचे दोन काटे असतात, एक फिल्टरच्या आधी आणि एक नंतर. दोन्ही काटे जवळपास सारखा दाब दाखवत असले की फिल्टर मोकळा. आधीचा काटा वर आणि नंतरचा खाली, असा फरक वाढला की फिल्टरमध्ये गाळ साठला, धुवायची वेळ झाली. गाडीत हेच काम एक छोटा सेन्सर करतो. डब्याच्या आधीच्या बाजूनं एक बारीक नळी येते, नंतरच्या बाजूनं दुसरी येते, आणि दोन्ही त्या सेन्सरला जोडलेल्या असतात. सेन्सर दोन दाबांतला फरक मोजतो आणि विजेच्या इशाऱ्यानं कॉम्प्युटरला कळवतो. काही गाड्यांत सेन्सरला एकच नळी असते आणि फिल्टरनंतरचा दाब बाहेरच्या हवेइतकाच धरलेला असतो.

ठिबकच्या काट्याला जोडणारी नळी फुटली तर काटा खोटं बोलणार की नाही? फिल्टर स्वच्छ असला तरी बोलणार. गाडीतही तसंच होतं. धुराशी संबंधित दिवा लागतो तो सेन्सरनं कळवलेल्या माहितीवरून. ती माहिती चुकली कुठे, हे चार ठिकाणी शोधायचं: डबा, दोन नळ्या, सेन्सर आणि त्याची वायर. यात सगळ्यात महाग डबा आणि सगळ्यात स्वस्त नळी. तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करायची. आमच्या गॅरेजवाल्यानं उलटीकडून सुरुवात केली होती.

सभेनंतर काय झालं

सभा संपल्यावर गाडीवरची ताई मोबाईलचा टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. राग होता तिच्या मनात, आणि तो बरोबरच होता. तिला काही गॅरेजचं शिक्षण नव्हतं, पण काळं कुठं लागलंय हे कुणालाही दिसतं. सेन्सरकडे जाणाऱ्या एका रबरी नळीच्या खालच्या पत्र्यावर काजळीचा ताजा पट्टा उमटला होता. नळी हातानं वाकवली तर भोक उघडं पडलं, आणि त्याच्या कडेला दातांच्या खुणा. गाडी रोज रात्री कांद्याच्या चाळीशेजारी उभी असायची. उंदरानं नळी कुरतडली होती.

ती आधीच्या बाजूची नळी होती. भोकातून दाब बाहेर निसटत होता, म्हणून सेन्सरला फरक नेहमी कमी दिसायचा. इंजिन कितीही रेस केलं तरी आकडा वाढेना, तेव्हा कॉम्प्युटरनं ‘या सेन्सरचा भरवसा नाही’ म्हणून दिवा लावला आणि गाडीची ताकद स्वतःच कमी केली. ताकद कमी करणं हे गाडीचं स्वतःला सांभाळणं असतं. गॅरेजमधली मंडळी त्याला ‘लिंप मोड’ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. उष्णता सोसणारी नळी, दोन क्लिपा, दिवा घालवायची मजुरी, सगळं मिळून बिल झालं ६५० रुपये. ताई दुपारी क्रेट भरायला हजर होती.

स्वतः काय बघता येतं

इंजिन बंद करून धुराची नळी पूर्ण गार होऊ द्या, तासभर तरी. डबा आणि नळ्या इतक्या तापतात की चटका लागला तर कातडी निघते. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काहीही तपासायचं नाही, त्या धुरानं माणूस मरतो.

मग सेन्सर शोधा. जागा गाडीगणिक वेगळी असते, कुठे इंजिनजवळ, कुठे खाली चासीला. ओळखायची खूण म्हणजे काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, त्यात एका बाजूनं दोन नळ्या आणि दुसऱ्या बाजूनं तीन वायरींचा कपलर. नळी कुठे फाटली, कडक होऊन चिरली, वितळली किंवा निसटली आहे का ते बघा. आजूबाजूला काजळीचे डाग शोधा. कपलर घट्ट बसलाय का, आतल्या पिना हिरव्या पडल्यात का, वायर कुरतडली आहे का, हेही बघा. पावसाळ्यात आणि गाडी वारंवार धुतल्यावर पिना गंजतात. नळीत पाणी साचलं किंवा काजळीचा बोळा बसला तरी सेन्सर गोंधळतो.

नळ्या काढायच्या असतील तर आधी फोटो काढा आणि एका नळीला दोरा बांधून खूण करा. उलटसुलट बसल्या तर फरक शून्याच्या खाली दिसतो आणि नवीनच दिवा लागतो. नळी साफ करताना सेन्सरकडून पूर्ण सुटी करा आणि मगच हवा मारा. सेन्सरच्या तोंडात कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू देऊ नका. आतला पडदा नाजूक असतो, एका फुंकरीत सेन्सर जातो. ही चूक चांगले मिस्त्रीही घाईत करतात.

गॅरेजमध्ये उभं राहून काय विचारायचं

स्कॅनरवर बिघाडाचा कोड येतो, इंग्रजी पी अक्षर आणि पुढे चार आकडे. तो कोड वहीत लिहून घ्या. नुसतं “डीपीएफचा कोड आहे” हे उत्तर घेऊ नका, कारण वेगवेगळ्या बिघाडांच्या नावात डीपीएफ हाच शब्द येतो. पी २४५२ ते पी २४५५ हे कोड त्या दाबाच्या सेन्सरचे किंवा त्याच्या वायरिंगचे आहेत. पी २४६३ म्हणजे काजळी खरोखर जास्त साठल्याचा कोड. आमच्या गाडीचा पी २४५३ होता, म्हणजे सेन्सरचा आकडा पटत नाही असं गाडीच सांगत होती. फिल्टर बदला असं ती म्हणतच नव्हती.

मग मिस्त्रीला म्हणा, “दादा, दाबाचा चालू आकडा दाखवा.” स्कॅनरवर तो मिलिबार किंवा किलोपास्कलमध्ये दिसतो. एक किलोपास्कल म्हणजे १० मिलिबार.

इंजिन बंद आणि चावी चालू असताना आकडा शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ पाहिजे. धूरच वाहत नाही, तर फरक येणार कुठून? बंद इंजिनवरही मोठा आकडा दिसत असेल तर सेन्सर, वायर किंवा तुंबलेली नळी, यांपैकी काहीतरी खोटं बोलतंय. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ती न करता कुणी फिल्टरचं कोटेशन देत असेल तर गाडी परत आणा.

नंतर इंजिन चालू करा. नुसतं उभ्याउभ्या चालताना फरक थोडाच असतो. हळूहळू रेस करून २५०० ते ३००० फेऱ्यांपर्यंत नेलं की तो एकसारखा वाढायला हवा आणि रेस सोडली की खाली यायला हवा. वाढतच नसेल तर पुढची नळी फुटली किंवा तुंबली आहे, नाहीतर डब्यातली जाळीच तडकली आहे. चालू करताच आकडा खूप मोठा दिसतो, रेस केल्यावर आणखी उसळतो, आणि इंजिन बंद केल्यावर नीट शून्यावर येतो, असं असेल तर सेन्सर खरं बोलतोय आणि डबा भरलाय. नेमका किती आकडा जास्त समजायचा हे प्रत्येक गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात वेगळं असतं, ते मिस्त्रीला दाखवायला सांगा.

वायरींचं मल्टिमीटरनं बघायचं काम मिस्त्रीचं. तीन वायरींपैकी एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थिंग, आणि तिसरी इशाऱ्याची, जिचा व्होल्ट दाबाबरोबर बदलतो. ५ व्होल्टच येत नसतील तर नवा सेन्सर टाकूनही काही उपयोग नाही. आणि सेन्सर बदललाच, तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरनं कॉम्प्युटरला ‘नवा सेन्सर आलाय’ हे शिकवावं लागतं. ते राहिलं तर चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर.

तोच दिवा, दुसरं कारण

डिसेंबरात आमच्या गाडीचा दिवा पुन्हा लागला. या वेळी सगळ्यांनी आधी उंदरालाच शिव्या घातल्या. पण नळ्या ठणठणीत होत्या आणि बंद इंजिनवर आकडा शून्य होता. कोड पी २४६३. खरोखर काजळी साठली होती. टोमॅटो संपल्यापासून गाडी फक्त गावातून दूध संकलन केंद्रापर्यंत जायची, तीन-चार किलोमीटर, तेही थांबत थांबत. इंजिन नीट तापायच्या आतच चावी बंद व्हायची. काजळी जळायला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात, आणि आम्ही गाडीला दोन्हीही देत नव्हतो.

मिस्त्रीनं सांगितलं तशी ताईनं गाडी पुणे-नाशिक रस्त्यावर काढली आणि आळेफाट्याच्या पुढे जाऊन आली, वीस-पंचवीस मिनिटं एका वेगानं, मध्ये न थांबता. दिवा गेला. तेव्हापासून आठवड्यातून एकदा गाडीला मोठ्या रस्त्यावरचं भाडं मिळेल असं आम्ही बघतो. किती वेग आणि किती वेळ, हे तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. दिवा नुसता लागलेला असेपर्यंत हा उपाय चालतो. दिवा लुकलुकायला लागला, लाल झाला किंवा ताकद गेली, तर रस्त्यावर पळवू नका, गॅरेजमध्ये न्या. काजळी फार साठलेली असताना ती जबरदस्तीनं जाळली तर डबा वितळू शकतो.

आणि एक, जे कुणी सांगत नाही. काजळी जळत असताना गाडी कडब्याच्या गंजीजवळ, वाळल्या गवतात किंवा पाचटावर उभी करू नका. खालचा डबा निखाऱ्यासारखा तापलेला असतो. अशा वेळी गाडीतून गरम, वेगळा वास येतो, कधी पंखा चालू राहतो. मोकळ्या मातीवर उभी करा.

काजळी वारंवार साठत असेल आणि गाडी लांबही धावत असेल, तर मूळ दुखणं इंजिनात शोधायला हवं. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, उघडी अडकून बसली तर काजळी जास्त होते. इंजेक्टर गळत असेल, टर्बोचा पाइप सुटला असेल, तरी तेच. ते न बघता नवा फिल्टर टाकला तर तोही भरतो.

ऑइलची पट्टी दर आठवड्याला बघायची सवय लावा. पातळी खाली गेली तर आपण ओततो, पण वर गेलेली कुणी बघत नाही. काजळी जाळायला सोडलेलं जादा डिझेल, जळायचं काम अर्धवट राहिलं की, ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर जाते. तसं दिसलं तर गाडी चालवू नका, ऑइल बदला. ऑइलही पुस्तकात लिहिलेलं, कमी राखेचंच. सुटं स्वस्त ऑइल घातलं तर डब्यात राख लवकर साठते.

काही गॅरेजवाले सांगतात, “ताई, डबा आतून पोकळ करून देतो, कटकटच नको.” नाही म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, शिवाय कंपनीची वॉरंटी जाते. आणि तो काळा धूर शेवटी गावातच सोडायचा असतो, शाळेच्या फाटकासमोरून.

वॉरंटीचं कार्ड ग्रामसंघाच्या कपाटात ठेवा, गाडीत नको. आमचं गाडीत होतं आणि पावसात भिजून गेलं.

आता आमच्या गाडीच्या वहीत डिझेल आणि किलोमीटरच्या शेजारी तीन रकाने वाढवले आहेत: दिवा कधी लागला, कोड काय आला, बंद इंजिनवर आकडा किती. दुरुस्तीचं ५,००० रुपयांवरचं कोटेशन या तीन नोंदींशिवाय सभेत मांडायचं नाही, असा ठराव इतिवृत्तात आहे. तो मांडला गाडीवरच्या ताईनं आणि अनुमोदन दिलं तिला नावं ठेवणाऱ्यांतल्याच एकीनं. काढलेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्यायचा, हेही त्यात आहे. कुरतडलेली ती नळी कार्यालयाच्या कपाटात ठेवली आहे. प्रभागसंघाच्या सभेला याल तेव्हा मागून बघा, भोक कसं दिसतं ते एकदा पाहिलं की गाडीखाली ओळखायला सोपं जातं.